ज्येष्ठांची नाटकमंडळी

नाटक करणे ही तरुणांची हौस आणि नाटक पाहणे ही वृद्धांची करमणूक, अशी वाटणी आपल्या समाजाने मनाशी करून ठेवलेली आहे. गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले रंगमंचावर चढतात आणि आजोबांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळते. खुर्ची मानाची खरी. परंतु ती एकदा पत्करली की माणूस कायमचा प्रेक्षक होऊन बसतो, आणि तोही केवळ नाटकात नव्हे, तर घरात, शेतात आणि गावाच्या कारभारातही. साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांनी स्वतःची नाटकमंडळी काढावी काय, काढावयाची तर कशी, आणि काढल्यावर ती चालती कशी ठेवावी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. तो वाशिम जिल्ह्याला धरून केला आहे. कारण अशा उद्योगातल्या खऱ्या अडचणी गाव डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून दिसत नाहीत.

प्रथम आपल्या रंगभूमीने वृद्धांना काय दिले ते पाहू. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ने भुजंगनाथ दिला. पंचाहत्तरीत कोवळ्या मुलीशी लग्न लावू पाहणारा हा म्हातारा साऱ्यांच्या हसण्याचा विषय झाला. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या ‘नटसम्राट’ने गणपतराव बेलवलकर दिले. मुलांच्या दारातून बाहेर पडलेल्या या म्हाताऱ्याने साऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील नाना-नानी दूर गेलेल्या मुलांची वाट पाहत राहिली. तिन्ही नाटके मोठीच आहेत. परंतु त्यांच्या मागून आलेल्या शेकडो किरकोळ नाटकांनी त्यांतून दोन साचे तेवढे उचलले : एक हास्यास्पद म्हातारा आणि दुसरा दयनीय म्हातारा. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘नटसम्राट’ प्रथम रंगमंचावर आले तेव्हा बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. यात त्यांच्या अभिनयाचा मोठेपणा आहे, हे सांगणे नकोच. परंतु वार्धक्याचे चित्र वृद्धांना न विचारता रंगविण्याची आपली सवयही त्यात दिसते.

रिसोडकडचा सत्तर वर्षांचा शेतकरी यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाही. दात शाबूत असतील तर तो आजही सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतो, सोयरीक जुळवतो, बांधावरून भांडतो, आणि रात्री झोप येत नाही म्हणून पहाटेपर्यंत जुन्या गोष्टी मनात घोळवतो. त्या गोष्टी ऐकायला घरात कोणास सवड नाही. ज्येष्ठांची नाटकमंडळी काढावयाची ती या माणसासाठी. आणि केवळ त्याला रमवावे म्हणून नव्हे, तर त्याच्याजवळ जे आहे ते गावाला मिळावे म्हणून. हा फरक नीट ओळखला पाहिजे. नुसते मन रमविण्यास पत्त्यांचा डाव आणि पारावरच्या गप्पाही पुरतात.

आता जिल्ह्याची स्थिती पाहू. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली आणि तीत शहरांत राहणारे पाचांत एकही नव्हते. शिकलेली मुले पुण्या-मुंबईकडे जातात. मागे घर, शेत आणि म्हातारी माणसे राहतात. नाट्यगृह, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार यांची वाट पाहत बसलो तर येथील बहुतेक गावांत नाटक कधीच होणार नाही.

तथापि हा प्रदेश नाट्यकलेला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मात. इतके मागे जावयाचे नसेल तर गाडगेबाबांचे कीर्तन आठवावे. बाबा प्रश्न टाकीत आणि समोरचा समुदाय उत्तर देई. त्या सवालजवाबातच अर्धे नाटक होते. १९५६ साली बाबा गेले. त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता थोडीच उरली असतील, परंतु ते ऐकून आलेल्यांच्या तोंडून ऐकलेली पुष्कळ आहेत. त्याखेरीज भारूड, गोंधळ, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन, आणि बंजारा तांड्यांवरची होळीची लेंगी आहेच. यांतील काही ना काही ज्याच्या कानावरून गेले नाही असा साठीपलीकडचा माणूस या जिल्ह्यात विरळा. मंडळीचे भांडवल हे आहे.

येथे पहिली शंका पुढे येते ती पाठांतराची. “मले काई आठवत नाई बापा,” असे म्हणून पुष्कळजण दारातूनच परततात. या शंकेस उत्तर आहे. हेल्गा आणि टोनी नॉइस या अमेरिकन संशोधक दांपत्याने नट मंडळी संहिता कशी लक्षात ठेवतात याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे आढळले की कसलेला नट शब्द घोकीत बसत नाही. हे वाक्य मी कोणाला, कशासाठी म्हणतो आहे, याचा तो शोध घेतो, आणि शब्द त्या हेतूला चिकटून येतात. हालचालीला जोडलेले वाक्य जागेवर बसून म्हटलेल्या वाक्यापेक्षा अधिक टिकते, असेही त्यांनी दाखविले. पुढे त्यांनी हीच रीत वृद्धांना शिकवून पाहिली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात चार आठवड्यांच्या अभिनयवर्गानंतर वृद्धांची स्मरणशक्तीच्या चाचण्यांतील कामगिरी सुधारली. याचा अर्थ नाटक हे विस्मृतीच्या रोगावर औषध आहे असा नव्हे. तसा दावा कोणी करू नये. अर्थ एवढाच की पाठांतर येत नाही म्हणून नाटक येणार नाही, ही भीती खोटी आहे. घोकण्याचा क्रम उलटावा : आधी हेतू, मग हालचाल, आणि शब्द शेवटी.

सुरुवातीस आठ-दहा माणसे पुरेत. संस्था नोंदविण्याची घाई करू नये. नोंदणीस किमान सात सभासद लागतात आणि ते मिळणे अवघड नाही. परंतु पहिल्या महिन्यातच अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि चिटणीस निवडले गेले की नाटक बाजूला राहते आणि मानापमान सुरू होतो. गावात ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्याची एक शाखा म्हणून, नसेल तर सार्वजनिक वाचनालयाच्या आश्रयाने, वर्ष-दीड वर्ष काम करावे. नोंदणी तेव्हा करावी जेव्हा पैशाचा हिशेब ठेवण्याची खरोखर गरज पडेल.

जागेचा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. मंदिराचा सभामंडप सहज मिळतो, परंतु गावातील प्रत्येक माणूस त्या पायरीवर निःसंकोच चढतो काय, हे आधी स्वतःला विचारावे. एखाद्या वाड्याची ओसरी मिळाली तरी हाच प्रश्न आहे. जेथे येताना कोणाचीही पावले अडखळणार नाहीत, अशी जागा हवी. बहुधा ती शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह असते. शाळेत लहान मुलांचे बाक असतात, म्हणून पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मागून आणाव्या. जवळ स्वच्छतागृह असलेच पाहिजे. त्यावाचून स्त्रिया येणार नाहीत, आणि त्याचे कारणही बोलून दाखविणार नाहीत.

वेळ घड्याळावरून ठरवू नये. ती एसटीवरून, आणि घरातल्या कामावरून ठरवावी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनच्या गाडीने मोफत प्रवास मिळाला, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे शेजारच्या गावाहून येणे खिशाला परवडते; परंतु शेवटची गाडी चुकली तर त्या सवलतीचा काय उपयोग? तालीम गाडीच्या अर्धा तास आधी संपली पाहिजे. आजीकडे नातवंडे सोपविलेली असतात, तेव्हा नातवंडांनाही बरोबर येऊ द्यावे. या मुलांना काम देण्याची एक उत्तम युक्ती आहे. जिल्ह्यातील पुष्कळ वृद्ध स्त्रिया शाळेची पायरी चढलेल्या नाहीत; त्यांची वाक्ये वाचून दाखविण्याचे काम पाचवी-सहावीतल्या नातवाला द्यावे. मुलाचे वाचन सुधारते आणि आजीला घरचा प्रॉम्प्टर मिळतो.

वर्षाचा क्रम शेतीला धरून आखावा. पेरणी आणि डवरणी आटोपली की श्रावण-भाद्रपदात बसून वाचन करावे. सोंगणी-मळणीच्या दिवसांत सरळ सुटी द्यावी. त्या वेळी म्हाताऱ्यांनाही राखणीला आणि चुलीपुढे उभे राहावे लागते. दिवाळीनंतर उभ्या तालमी घ्याव्यात आणि माघात, उन्हाचा ताप वाढण्याआधी, प्रयोग लावावा. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची रंगभूमी याच हंगामाने चालते. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात आणि प्रयोगाच्या रात्री सारे गाव यजमान होते. त्या रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा तेही ज्येष्ठांच्याच वयाचे होते. झाडीपट्टीकडून हंगाम शिकावा. रात्रभर नाटक चालविण्याची तिची रीत मात्र आपल्या मंडळीला झेपणार नाही. अर्ध्या तासाचा प्रयोग आणि तोही दिवेलागणीच्या सुमारास, एवढे पुरे.

काय करावे, हा प्रश्न यानंतरचा. पहिल्या वर्षी छापील तीन अंकी नाटक घेऊ नये. प्रत्येकाने एक प्रसंग सांगावा : गावात वीज आली तो दिवस, १९७२ चा दुष्काळ आणि रोजगाराच्या कामावरची खडी, लग्नाच्या बैलगाडीचे चाक मोडले ती रात्र. सांगणाऱ्याने सांगावे, इतरांनी तो प्रसंग उठून करून दाखवावा. भाषा वऱ्हाडीच ठेवावी. जो जिभेला वळण नसलेली प्रमाणभाषा बोलू लागतो तो नट होत नाही, वक्ता होतो. असे सहा-सात प्रसंग एका सूत्रात ओवले की मंडळीचे पहिले नाटक तयार होते. दुसऱ्या वर्षी लेखकाचे नाटक घ्यावे. देवल १९१६ साली आणि गडकरी १९१९ साली गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कृतीवरील हक्क संपतो, तेव्हा त्यांची नाटके कोणासही करता येतात. अलीकडच्या लेखकांची परवानगी मागितलीच पाहिजे. सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, हेही विसरू नये. ज्यांना उभे राहणे कठीण आहे त्यांच्यासाठी हातात संहिता घेऊन अभिवाचन करावे. ‘शारदा’चे अभिवाचन भुजंगनाथाच्या वयाच्या माणसांनी करून पाहावे, त्या नाटकाचे काही निराळेच अर्थ बाहेर पडतील.

शरीराच्या गोष्टी लहान दिसतात, पण मंडळी त्यांवरच मोडते. संहिता ठळक आणि मोठ्या अक्षरांत असावी. वयाबरोबर प्रथम बारीक, उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. म्हणून नुसते ओरडून भागत नाही, समोर तोंड करून सावकाश बोलावे लागते. पाठीमागून मिळणारा इशारा ऐकू जात नाही. इशारा डोळ्यांना दिसणारा हवा, खांद्यावर हात ठेवणे किंवा काठी आपटणे असा. रंगमंचाच्या पायऱ्यांना कठडा असावा; नसेल तर रंगमंच नकोच, जमिनीवर सतरंजी अंथरून प्रयोग करावा. मधुमेह असलेल्यांच्या खाण्याची वेळ तालमीने चुकवू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मंडळी काढणे कठीण नाही. कठीण आहे ते टिकविणे. तरुणांची मंडळी नोकरी, लग्न, भांडण यांनी मोडते. ज्येष्ठांच्या मंडळीला याहून मोठे कारण आहे, आणि ते शिष्टाचार म्हणून कोणी उच्चारीत नाही. माणसे आजारी पडतात, मुलांकडे शहरात जातात, आणि मरतात. ज्या मंडळीने पहिल्या दिवशी याचा हिशेब केला नाही ती पहिल्या मृत्यूबरोबर संपते. आमच्या मते या मंडळीचा नियम एका वाक्यात सांगता येतो : प्रत्येकाची गरज भासावी, पण कोणावाचून अडू नये.

वाक्याचे दोन्ही भाग एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, म्हणून ते उलगडून सांगतो. प्रत्येकाची गरज भासावी, म्हणजे नुसता ‘सभासद’ कोणीही असू नये. बोलणारा, वाजविणारा, कपड्यांना टाके घालणारी, चहाचा हिशेब ठेवणारा, न आलेल्याच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन चौकशी करणारी, असे प्रत्येकाचे एक काम ठरलेले असावे. आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडेल, ही जाणीव म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून उठविते. दुसरा भाग असा की प्रत्येक भूमिका आणि प्रत्येक काम दोघांना यावे. पहिल्या तालमीपासूनच एका भूमिकेला दोन नट ठेवावे आणि त्यांनी आलटून पालटून उभे राहावे. ‘बदली’ हा शब्द वापरू नये. त्यात कमीपणा वाटतो. दोघेही त्या भूमिकेचे धनी. एकाचा गुडघा सुजला तर दुसरा उभा राहतो आणि पहिला खुर्चीत बसून त्याला इशारा देतो. म्हणजे आजारी माणूसही मंडळीतच राहतो, आणि प्रयोगही राहतो.

परदेशातील दोन उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जपानचे विख्यात दिग्दर्शक युकिओ निनागावा यांनी २००६ साली साइतामा येथे ५५ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची ‘साइतामा गोल्ड थिएटर’ ही मंडळी काढली. तिच्या प्रयोगांचा देशाबाहेरही गौरव झाला. २०१६ साली निनागावा वारले. २०२१ साली, सभासदांची वये फार वाढल्यावर आणि साथीच्या काळात तालमी अवघड झाल्यावर, मंडळी विसर्जित झाली. तिचे काम थोर होते. परंतु एका मोठ्या माणसाभोवती आणि एका पिढीभोवती बांधलेली मंडळी त्या पिढीबरोबर मावळते, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. उलट अमेरिकेतील ओकलंड शहरात १९७८ साली ‘स्टेजब्रिज’ ही ज्येष्ठांची नाट्यसंस्था निघाली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. तिने प्रयोगांच्या जोडीला अभिनयाचे वर्ग चालू ठेवले आणि आपल्या वृद्ध कथेकऱ्यांना शाळांत गोष्टी सांगावयास पाठविले. वर्गांतून नवी माणसे येत राहिली आणि शाळांतून नवे श्रोते. ओकलंडचा पैसा आपल्याजवळ नाही, परंतु ही दोन कामे पैशावाचूनही होण्यासारखी आहेत. दरवर्षी श्रावणात दोन-तीन नव्या साठीच्या माणसांना बोलवावे, आणि प्रयोगाआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत एक तास गोष्टी सांगाव्या.

नव्या माणसांना बोलावण्यात एक अडथळा घरातून येतो. “या वयात तोंडाला रंग फासणार काय?” असे मुलगाच विचारतो, आणि विधवा आईला तर हमखास विचारतो. यावर वाद घालून उपयोग नाही. मुलाला आणि सुनेला तालमीस बोलवावे, कोपऱ्यात बसवावे. आईच्या तोंडून दुष्काळातली जी गोष्ट घरात कधी ऐकली नव्हती ती ऐकल्यावर बहुतेकांचा विरोध आपोआप मावळतो.

मंडळीतील माणूस गेल्यास काय करावे? पुष्कळ ठिकाणी अशा वेळी तालमी बेमुदत थांबतात, आणि पुन्हा सुरू होत नाहीत. आमचे म्हणणे असे की दिवस पाळावेत, परंतु पुढल्या तालमीची तारीख त्या माणसाच्या घरी भेटावयास जातानाच ठरवून जावे. त्याने सांगितलेला प्रसंग नाटकात तसाच ठेवावा आणि त्याच्या जोडीदाराने तो करावा. यासाठी पहिल्यापासून एक जाड वही ठेवावी. कोणी काय सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, कोठे हसू आले, हे तीत लिहून ठेवावे. नातवाच्या मोबाईलवर आवाजही मुद्रित करावा. चार-पाच वर्षांत ही वही गावाचा असा इतिहास होईल, जो कोणत्याही गॅझेटियरात सापडत नाही. आणि आपण गेल्यावरही आपले वाक्य कोणीतरी उभे राहून म्हणणार आहे, हे जिवंत असतानाच माणसाला कळेल. वृद्धाला याहून मोठे आश्वासन गाव काय देऊ शकते, हे आम्हांस सुचत नाही.

खर्च फारसा नाही. पोशाख घरचे, वाद्ये भजनी मंडळाची, चहा आळीपाळीने. तिकीट लावू नये. प्रयोगानंतर झोळी फिरवावी आणि जमलेली रक्कम तेथेच मोजून सांगावी. नाट्यस्पर्धांत उतरण्याचा मोह पहिली तीन वर्षे आवरावा. स्पर्धेसाठी चांगले तेवढे नट निवडावे लागतात, आणि निवड सुरू झाली की आपला नियम मोडतो.

ज्यांच्या मनात हे करावे असे आहे त्यांनी यंदाच्या श्रावणाची वाट पाहण्यापूर्वीच एक काम करावे. वैशाखात दिवस मोठा असतो आणि संध्याकाळी माणसे अंगणात बसतात. आठ घरांत जाऊन नाटकाचे नाव न काढता एवढेच विचारावे, “तुमच्या लहानपणी या गावात काय काय होत होते?” जी माणसे उत्तर देताना बसल्या जागेवरून उठतील, हात हलवून दाखवतील, दुसऱ्याचा आवाज काढतील, त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. मंडळी तेथूनच सुरू होते.